ऑटोकॅडची आवृत्ती बदलताना स्वतःचे ब्लॉक आणि टेम्प्लेट कसे सांभाळावेत?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) २०१६ आहे, आता २०२५ वर जायचंय, तर इतक्या वर्षांत जमवलेले ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायची तयार चिन्हं), टेम्प्लेट (नव्या नकाशाचा तयार साचा) आणि टूल पॅलेट (ब्लॉक ओढून घ्यायची चित्रांची पट्टी) न मोडता तिकडे कसे न्यायचे. मी जळगावात ठिबक सिंचनाचे नकाशे काढतो. चौदा वर्षांत तीनदा आवृत्ती बदलली. पहिल्या खेपेला चांगलेच हात पोळले, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा ब्लॉक आहे: स्क्रीन फिल्टर, सँड फिल्टर, व्हेंचुरी, बॉल व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह. नवी आवृत्ती बसवली, ब्लॉकचं फोल्डर कॉपी केलं आणि काम झालं असं धरून चाललो. पुढच्याच आठवड्यात अमळनेरकडचे एक काका चार एकर कापसाचा नकाशा न्यायला आले. कागद टेबलावर पसरला, विहिरीवर बोट ठेवलं, मेन लाइनवरून ते सरकवत नेलं आणि विचारलं, “भाऊ, मना फिल्टर कोठे शे?”

फिल्टर नकाशात होता, फक्त दिसत नव्हता. आमचे नकाशे मीटरमध्ये असतात आणि फिल्टरचं चिन्ह ३ मीटर रुंद काढलेलं आहे, म्हणजे १:५०० ला कागदावर ६ मिलिमीटर. इथे ते शेताच्या मापातच ३ मिलिमीटरचं होऊन बसलं होतं, कागदावर नुसता ठिपकासुद्धा नाही. आणि साहित्याची यादी आम्ही डेटा एक्स्ट्रॅक्शनने (नकाशातले ब्लॉक मोजून यादी देणाऱ्या सोयीने) काढतो, त्यात फिल्टरची संख्या बरोबर येत होती. त्यामुळे आमच्यापैकी कुणाला शंकाच आली नाही.

कारण शोधायला मला दोन दिवस लागले. आमचे जुने ब्लॉक ‘युनिटलेस’ होते, त्यांच्यात एकक लिहिलेलंच नव्हतं. अशा ब्लॉकला कोणतं एकक धरायचं ते ऑटोकॅड ऑप्शन्समधल्या यूजर प्रेफरन्सेस टॅबवर, ‘इन्सर्शन स्केल’खाली बघतं. ही सेटिंग नकाशात साठत नाही, त्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत साठते. जुन्या मशिनवर कुणीतरी कधीकाळी तिथे मीटर करून ठेवलं होतं. नव्यावर मिलिमीटर होतं, म्हणून प्रत्येक ब्लॉक हजारपट लहान होऊन आला.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे: ब्लॉकला लागणारी कुठलीही गोष्ट मशिनच्या भरवशावर सोडू नका. प्रत्येक ब्लॉक फाइल उघडा, युनिट्स कमांड देऊन एकक लिहा, सेव्ह करा. आमचे ब्लॉक शंभरच्या आत होते, एका दुपारचं काम. तुमचे हजार असले तरी कराच.

दुसरी गोष्ट जागेची. टेम्प्लेट ऑटोकॅडच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवू नका. ते फोल्डर युजरच्या ॲपडेटामध्ये खोल दडलेलं असतं, दर आवृत्तीचं वेगळं असतं आणि मशिन फॉरमॅट झालं की तेही जातं. सर्व्हरवर किंवा डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि ब्लॉक, टेम्प्लेट, प्लॉट स्टाइल (प्रिंटमधल्या रेघांची जाडी-रंग ठरवणाऱ्या फाइली), पॅलेट, लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम), फॉन्ट सगळं त्यात ठेवा. मग नव्या आवृत्तीत ऑप्शन्सच्या फाइल्स टॅबवर फक्त पत्ते द्यायचे: सपोर्ट फाइल सर्च पाथ, ट्रस्टेड लोकेशन्स, टूल पॅलेट, प्लॉट स्टाइल, टेम्प्लेटचं फोल्डर आणि क्यून्यू (नवा नकाशा झटपट उघडायची कमांड) साठीची टेम्प्लेट फाइल. जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल (सगळ्या सेटिंगचा संच) एक्स्पोर्ट करून नव्यात घालायचा मोह होईल. घालू नका, त्याच्यासोबत जुन्या आवृत्तीचे पत्तेही येतात. हाताने भरा, अर्धा तास लागतो. फोल्डरची जागा मात्र एकदा ठरली की बदलायची नाही, कारण टूल पॅलेटवरच्या प्रत्येक चित्रामागे ब्लॉक फाइलचा पूर्ण पत्ता असतो. फोल्डर हलवलं की चित्र दिसतं, पण ब्लॉक येत नाही.

तुमच्या २०१६ चा डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या नकाशा फाइलचा) फॉरमॅट २०१३ चा आहे. २०१८ पासून नवा फॉरमॅट आला, २०२५ मध्ये तोच चालतो. नवी आवृत्ती जुनं उघडते, जुनी नवं उघडत नाही. ऑफिसात एका जरी मशिनवर २०१६ राहणार असेल तर ब्लॉक आणि टेम्प्लेट २०१३ फॉरमॅटमध्येच ठेवा.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार जण लक्ष देत नाहीत. लायब्ररीत ब्लॉक सुधारला म्हणून जुन्या नकाशातला ब्लॉक सुधारत नाही. उलट, जुना नकाशा उघडून तुम्ही पॅलेटवरून त्याच नावाचा ब्लॉक ओढला तर नकाशात आधीपासून असलेलाच येतो, तोही न विचारता. रावेर-यावलकडचे केळीवाले तीन-चार वर्षांनी त्याच शेताचा नकाशा वाढवून मागतात, तेव्हा हे हमखास होतं. म्हणून चिन्ह बदललं की आम्ही नावही बदलतो, शेवटी साल लावतो. ॲट्रिब्यूटच्या (ब्लॉकसोबत लिहिलेल्या माहितीच्या) टॅगची नावं मात्र कधीच बदलत नाही, कारण साहित्याची यादी त्या नावांवर चालते. टॅग बदलला की यादीत एकाच वस्तूचे दोन रकाने होतात आणि कोटेशन चुकतं.

टायटल ब्लॉकमध्ये (नकाशाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर मराठीत असेल तर फॉन्ट बघा. आमचं सगळं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होतं. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर गट नंबरच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मी सगळं मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं आणि पीडीएफ काढून जोडाक्षरं तपासली.

लिस्प फाइली बहुधा तशाच चालतात. एलटी (ऑटोकॅडची स्वस्त, कमी सोयींची आवृत्ती) वापरत असाल तर २०२४ च्या आधीच्या एलटीत लिस्प नाही. कुणाकडून डॉट नेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्रणालीत) प्लगइन (ऑटोकॅडला जोडायचा जादा प्रोग्रॅम) करून घेतलं असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा, कारण ऑटोकॅड २०२५ डॉट नेट ८ वर गेलंय आणि २०१६ साठी केलेलं प्लगइन नव्याने बांधून घ्यावं लागेल.

सगळं झालं की तपासणीचा एक नकाशा करा. २०१६ मध्ये तुमच्या टेम्प्लेटवर प्रत्येक ब्लॉक एकेकदा ठेवून प्रिंट घ्या. मग २०२५ मध्ये कोऱ्या टेम्प्लेटवर तेच ब्लॉक नव्याने ठेवून प्रिंट घ्या. जुनी फाइल नुसती उघडून चालणार नाही, इन्सर्शनची चूक तशी दिसत नाही. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरा.

दोन्ही आवृत्त्या एकाच मशिनवर शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे जुनी लगेच काढू नका. आणि आमच्यासारखं शेतीचं काम असेल तर हे एप्रिल-मेमध्ये काढू नका. बागायती कापूस आणि मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीचे) नकाशे तेव्हाच अंगावर येतात. आम्ही पोळ्याच्या सुमारास बदल करतो आणि कांदेबागेचे (पावसाळ्यानंतर लावायच्या केळीचे) सगळे नकाशे नव्या आवृत्तीतून नीट निघाले की मगच जुनी अनइन्स्टॉल करतो.