कसरतीचं छोटं विमान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण): हाय-विंग ट्रेनरवर (पंख वर असलेल्या, शिकायच्या रिमोटच्या विमानावर) लूप, रोल आणि उलटं उडवणं जमायला लागलं आहे. आता मीटरभर पंखाचं कसरतीचं विमान घ्यायचं आहे. एक्स्ट्रा, एज, याक अशी नावं दिसतात. काहींवर ‘थ्रीडी’ लिहिलेलं असतं, काहींवर ‘स्पोर्ट’. यातलं काय घ्यावं?

उत्तर: आधी नाव बाजूला ठेवा. एक्स्ट्रा ३३०, एज ५४०, याक ५५ ही सगळी खरी विमानं आहेत. पण मीटरभराच्या फोममध्ये उतरताना दोन कंपन्यांच्या ‘एक्स्ट्रा’ अगदी वेगळ्या उडतात. पाहायच्या गोष्टी तीन: बॅटरीसकट वजन, पंखाचं क्षेत्रफळ आणि एलेरॉन-एलिव्हेटर-रडर (पंखावरची आणि शेपटीवरची हलणारी पाती) किती रुंद आहेत.

वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे विंग लोडिंग. खोक्यावर क्षेत्रफळ नसेल तर स्वतः काढा. पंख मुळाशी २७ सेंमी आणि टोकाला १७ सेंमी रुंद असेल तर सरासरी २२. लांबी १०० सेंमी धरली की २,२०० चौरस सेंमी, म्हणजे २२ चौरस डेसिमीटर. विमान ५५० ग्रॅमचं असेल तर लोडिंग दर चौरस डेसिमीटरला २५ ग्रॅम. त्याच पंखावर ७८० ग्रॅम असतील तर ३५. ही दोन विमानं चित्रात सारखी दिसली तरी हातात मुळीच सारखी लागत नाहीत.

आता स्वतःला विचारा, आपल्याला कशात रस आहे? लांब सरळ रेषा, सरळ वर चढून माथ्यावर वळण, चार ठिकाणी थांबत जाणारा रोल, मोठे गोल लूप, हे आवडत असेल तर ती प्रिसिजनची शैली. तिला ३० ते ३५ ग्रॅम लोडिंगचं, ताठ, पंखात कार्बन स्पार (आधाराची काठी) घातलेलं ईपीओ फोमचं विमान शोभतं. सीजी (विमान तोलून राहतं तो बिंदू) पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते २८ टक्क्यांवर आणि थ्रो (पाती हलतात तो कोन) १५ ते २० अंश ठेवायचे. उलट, समोरच माणसाच्या उंचीवर शेपटीवर टांगून ठेवणं, नाक वर करून सावकाश सरकणं, टॉर्क रोल (टांगलेलं विमान स्वतःभोवती फिरवणं), हे हवं असेल तर ते थ्रीडी. तिथे लोडिंग २५ ग्रॅमच्या आत, सीजी ३३ ते ३५ टक्क्यांवर, थ्रो ४० ते ४५ अंश आणि मोटरचा ताण (थ्रस्ट, म्हणजे ओढण्याचा जोर) वजनाच्या निदान दीडपट असावा. फोम ईपीपी घ्या. तो वाकतो आणि बहुतेकदा परत सरळ होतो. ईपीओ जास्त ताठ असतो, पण आदळला की भेगाळतो.

तुमच्या टप्प्यावर आमची शिफारस १,००० ते १,१०० मिमीचं, रुंद एलेरॉनचं ईपीपी विमान, सगळं मिळून ५५० ते ६०० ग्रॅमचं. मोठे थ्रो रिमोटवर कमी करता येतात. अरुंद एलेरॉन मात्र नंतर रुंद करता येत नाहीत. त्यामुळे थ्रीडीची क्षमता असलेलं विमान घ्या आणि पहिले दोन-तीन महिने ते लो रेटवरच (रिमोटवरच्या कमी थ्रोच्या सेटिंगवर) उडवा.

त्याला २२१६ आकाराची, १,२५० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला फेरे) आसपासची मोटर, ३० अँपिअरची ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), १० x ४.७ प्रॉप (पंख्याचा व्यास आणि पिच, इंचांत) आणि तीन सेलची १,३०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पुरते. यातून साधारण किलोभर ताण मिळतो. वेग हवा म्हणून ९ x ६ प्रॉप लावलात तर टांगून ठेवताना पकड कमी पडेल. चार सर्वो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ९ ग्रॅमचे घ्या, आणि ते मेटल गिअरचेच घ्या. थ्रीडीत एलेरॉन जमिनीला किंवा गवताला टेकला की नायलॉनचे दाते सर्वांत आधी जातात.

थ्रो मोजायला कोनमापक लागत नाही. एलिव्हेटर ६ सेंमी रुंद असेल तर २० अंशांला त्याची मागची कड सुमारे २ सेंमी हलते, ४५ अंशांला ४.२ सेंमी. लो रेटला ३० टक्के एक्स्पो (काडी मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारं सेटिंग) द्या, हाय रेटला ५५ ते ६० टक्के. टायमर हिशोबाने लावा. १,३०० एमएएचच्या ८० टक्के म्हणजे १,०४० एमएएच वापरायचे. सरासरी १२ अँपिअर धरले तर पाच मिनिटं होतात. साडेचारला गजर लावा आणि उतरल्यावर दर सेलचा व्होल्टेज पाहा. ३.७ च्या खाली दिसला तर अर्धा मिनिट कमी करा.

प्रश्न (दिवेआगर): मी किनाऱ्यावर उडवतो. दुपारी विमान नुसतं हेलकावतं. जड विमान घेतलं तर सुटका होईल का? शिवाय मोटर हल्ली खरखरते.

उत्तर: वजनाने फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. त्याच पंखावर वजन ५५० वरून ७०० ग्रॅम केलंत तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाही) जेमतेम १३ टक्क्यांनी वाढतो. थोडा फायदा होतो, पण थ्रीडी बिघडते. त्यापेक्षा मोठं विमान घ्या. १,२०० मिमीचं विमान त्याच वाऱ्यात ८०० मिमीपेक्षा खूपच शांत राहतं. जायरो (हेलकावे ओळखून विमान सावरणारा सेन्सर) असलेला रिसीव्हर मदत करतो, मात्र वेग वाढल्यावर शेपूट थरथरायला लागली तर गेन (जायरोचा जोर) कमी करा.

खरा उपाय वेळेचा आहे. रात्रभराचे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि उन्हं तापली की खारे वारे सुरू होतात. मधली शांत वेळ तुमची. थंडीत सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंत, आणि पुन्हा सूर्य मावळतीला आल्यावर.

यात एक मेख आहे. सकाळचा वारा जमिनीकडून येतो, म्हणजे किनारा सुरूच्या बनाच्या आडोशाला पडतो आणि झाडांमागे हवा घुसळते. ओहोटी गाठून झाडांपासून जमेल तितकं लांब, ओल्या वाळूकडे सरका. आणि लक्षात ठेवा, या वेळी मोटर बंद पडली तर विमान समुद्राकडे वाहत जाईल. वळणं बनाच्या बाजूला ठेवा. खारे वारे वाहत असताना उलट असतं. किनाऱ्यावर हवा स्वच्छ, घुसळण बनापलीकडे. सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) उडवणाऱ्यांनी हाच विचार कड्यापाशी करावा. समुद्राचा वारा कड्यावर आपटून वर उचलतो, पण कडेच्या लगेच मागे खाली दाबतो. उतरायची जागा कडेपासून बरीच आत ठरवा. जांभ्यावर पोटावर उतरवाल तर फोम किसणीवर घातल्यासारखा निघतो. गवताचा पट्टा शोधा, किंवा पोटाला रुंद पारदर्शक टेप लावा.

मोटरच्या खरखरीचं कारण बहुधा काळी वाळू. कोकणच्या किनाऱ्यावर लोहयुक्त जड खनिजांचे कण सापडतात. रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्याच्या वाळूतलं इल्मेनाइट प्रसिद्धच आहे. मोटरच्या आत निओडायमियमची चुंबकं असतात. ती हे कण ओढून घेतात, आणि फुंकर मारून ते निघत नाहीत. प्रॉप काढा, शाफ्टची क्लिप किंवा स्क्रू सोडवून बाहेरची घंटा (मोटरचं फिरणारं कवच) ओढून काढा आणि चुंबकांवर चिकटपट्टी दाबून कण उचला. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. चुंबकांवरचा मुलामा गेला की खाऱ्या हवेत गंज चढतो. बेअरिंगला हलक्या तेलाचा एक थेंब पुरे. इथून पुढे विमान वाळूवर न ठेवता ताडपत्रीवर ठेवा आणि घरी आल्यावर मोटर, सर्वोची टोकं, तारांचे जोड गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. समुद्रात पडलेली लायपो पुन्हा चार्ज करू नका, घरात आणू नका.

प्रश्न (देवगड): ९०० मिमीचं नवं विमान. एलिव्हेटर जरासा हलवला तरी नाक उसळतं, आणि वेग कमी झाला की एक पंख अचानक पडतो.

उत्तर: लक्षणं सीजी मागे असल्याची आहेत. बॅटरी एका वेळी ५ मिमी पुढे घ्या आणि हवेत तपासा. ४५ अंशांत चढत जा, अर्धा रोल करून उलटे व्हा आणि एलिव्हेटर सोडा. नाक आभाळाकडे वळलं तर शेपूट जड. रेषा तशीच राहिली तर थ्रीडीसाठी योग्य. सावकाश जमिनीकडे झुकलं तर प्रिसिजनला चांगलं. झपकन झुकलं तर नाक जड.

प्रत्येक वेळी तोच पंख पडत असेल तर सीजीइतकीच पंखाची पीळ तपासा. मागून पाहून दोन्ही बाजूंच्या कडा जुळतात का ते बघा. मग विमान स्पिनर (प्रॉपपुढची टोपी) आणि शेपटीजवळ दोऱ्याने उचला. एक पंख झुकला तर दुसऱ्याच्या टोकाला दोन-तीन ग्रॅमची भर घाला. पुशरॉड (सर्वो आणि पातं जोडणारी तार) लांब आणि बारीक असेल तर तो मधे वाकतो आणि एलेरॉन सांगितल्याइतका हलतच नाही. त्याला मधे एक आधार द्या.

प्रश्न (मालवण): तुटलेला फोम इन्स्टंट ग्लूने जोडताना विरघळला.

उत्तर: म्हणजे तो डेप्रॉन किंवा थर्माकोलच्या जातीचा होता. त्याला फोम-सेफ ग्लू किंवा पाच मिनिटांचं इपॉक्सी. ईपीपी आणि ईपीओला साधा ग्लू चालतो.

प्रश्न (रत्नागिरी): गावाजवळ उडवायला परवानगी लागते का? आणि पावसाळ्यात काय करावं?

उत्तर: ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांचाही विचार आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागेचा रंग पाहा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यात परवानगीशिवाय नाही. रत्नागिरीचा आणि चिपीचा विमानतळ लक्षात घेता शहराजवळचा सडा नकाशात पाहिल्याशिवाय निवडूच नका.

पावसाळ्यासाठी वेगळं विमान करा. डेप्रॉनच्या सपाट पत्र्यांचं, ८०० मिमीचं, १४० ग्रॅमच्या आत, दोन सेलच्या ३०० एमएएच बॅटरीवर. लोडिंग ७ ग्रॅमच्या आसपास येतं, त्यामुळे ते शाळेच्या सभागृहात चालण्याच्या वेगाने फिरतं. रडरचा सराव इथे होतो तसा बाहेर होत नाही, आणि थ्रीडीत रडरवरच सगळं अवलंबून असतं. पंखे बंद करायला सांगा. मोठ्या विमानाच्या लायपो जूनमध्येच दर सेल ३.८ व्होल्टवर आणून घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, पण झाकणाला भोक पाडून ठेवा. दर महिन्याला व्होल्टेज मोजा, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टने खाली गेला तर ती बॅटरी ऑक्टोबरात टांगायच्या कसरतींना वापरू नका.