शंभरपर्यंत म्हणतो, पण चार मागितले की मूठभर देतो

"ताई, हा शंभरपर्यंत न अडखळता म्हणतो. पण चार चमचे आण म्हटलं, तर हाताला येतील तेवढे घेऊन येतो. याचं गणित कच्चं राहणार का?"

बडोद्यात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. दांडिया बाजारातून सासूबाईंसह आलेल्या एका आईने तर पुढचा शब्दही शोधून आणला होता: डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातली विशिष्ट अध्ययन अक्षमता. चिरंजीवांनी नुकतीच चार वर्षं पूर्ण केलेली.

तो शब्द मी आधी बाजूला ठेवायला लावला. अशा अक्षमतेचं प्रमाणपत्र आपल्याकडे आठ वर्षांच्या आधी देतच नाहीत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं म्हटलं होतं. चार वर्षांचं मूल अडलंय की अजून वाटेवरच आहे, हे इतक्या लवकर ठरवता येत नाही.

मग आईने पिशवीतून एक पुस्तक काढलं. मंगळबाजारातून फेल्टच्या शीट आणून, रात्री ओटा आवरून झाल्यावर बसून तिने ते शिवलं होतं. काय सुरेख काम! झाडावर टीचबटणांची सफरचंदं, चेन लावलेला खिसा, तळ्यात दहा बदकं, प्रत्येक बदकाच्या कडेने बारीक टाका. चिरंजीवांचे हात मात्र मांडीवर. "किती बदकं आहेत?" आईने विचारलं. त्याने बोट फिरवत "एक, दोन, तीन…" सुरू केलं; बोट एका वेगाने, तोंड दुसऱ्याच. "मग किती झाली?" तो पुन्हा एकपासून सुरू. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो पंख्याकडे बघायला लागला.

शुभंकरोती जसं पाठ होतं, तसेच एक ते शंभर पाठ होतात. त्यात वाईट काही नाही, पण ते मोजणं नव्हे. मोजायला आणखी दोन गोष्टी लागतात. एका वस्तूला एकच आकडा द्यायचा, आणि शेवटी उच्चारलेला आकडा हा शेवटच्या बदकाचा नसून सगळ्यांचा मिळून आहे हे कळायचं. ही दुसरी गोष्ट उशिरा कळते. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास मुलांना नुसतं "इतके दे" असं सांगून हे तपासलं होतं. मुलाला आधी फक्त 'एक' समजतो, बाकी काहीही मागा, मूठभर मिळतं. काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', कधी 'चार', आणि त्यानंतर मोजण्याची रीतच उमगते. बरीच मुलं साडेतीन-चारच्या आसपास इथे पोहोचतात, काही आणखी सावकाश.

मी सफरचंदं सोडवून टेबलावर ठेवली. एक दे. दिलं. दोन दे. दिली. तीन दे. जरा विचार करून दिली. चार म्हटल्याबरोबर उरलीसुरली सगळी माझ्याकडे ढकलली. म्हणजे चिरंजीव तीनपर्यंत पोहोचले होते. आईला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

पुस्तकाची अडचण वेगळी होती. बदकं शिवून टाकलेली. शिवलेली वस्तू दाखवता येते, मोजून घेता येते, पण देता-घेता येत नाही, आणि मुलाला चार म्हणजे किती हे देण्याघेण्यातूनच कळतं. "उसवायला लागेल?" आईने विचारलं. "उसवायला मी आहे," आजी म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

फेल्टच कशाला, आमच्या वेळी चिंचोके होते, हाही आजींचाच मुद्दा. चिंचोके उत्तमच, पण घरात दोन वर्षांची धाकटी होती, आणि चिंचोका काय नि सुटं बटण काय, त्या वयात नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. शिवाय फेल्टला ताणाबाणा नसतो. तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात, त्यामुळे कुठेही कापला तरी धागे सुटत नाहीत. बोथट कात्रीने मुलाने वेडावाकडा कापलेला तुकडाही टिकतो, आणि पुठ्ठ्यावर फेल्ट ताणून लावला की त्यावर टेकून उभा राहतो.

म्हणून कापायचं काम मी त्याच्याकडे दिलं. पांढऱ्या फेल्टचे मोदक, त्रिकोणी-चौकोनी कसेही, फक्त अख्खा तोंडात जाणार नाही एवढा मोठा प्रत्येक तुकडा. 'किती?' हा प्रश्न घरात काही दिवस बंद. त्याऐवजी "बाप्पाला चार दे." सहा वाढले तर चूक म्हणायचं नाही, चार गोल चिकटवलेलं दुसरं ताट पुढे ठेवायचं. एकेका गोलावर एकेक मोदक ठेवताना दोन उरले, की "जास्त झाले" तो स्वतःच म्हणतो. मग गोल काढून घ्यायचे. लुडोच्या फाशासारखे ठिपके लावलेले तुकडेही केले, तीनपर्यंतचे न मोजता ओळखायला.

पण चिरंजीव खुलले ते तोरणावर. पान, झेंडू, पान, झेंडू. मग पान, पान, झेंडू. आईच्या मते ही सजावट, गणित नव्हे. खरं तर पुढे काय येणार हे क्रमावरून ओळखणं म्हणजे गणितच, आणि माझ्या मते या वयात ते आकडे गिरवण्यापेक्षा मोलाचं. आजी मुद्दाम चुकीचं पान लावायच्या आणि पकडल्या जायच्या. उत्तरायण जवळ आली तेव्हा पतंगही कापले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायला.

घरी तीन, शेजारी त्रण, शाळेत थ्री, याने तो गोंधळेल का, असंही आईने विचारलं. नाही. देण्याघेण्याचा खेळ घरच्या भाषेत खेळा. तीन म्हणजे किती हे एकदा कळलं की नाव बदलल्याने ते जात नाही.

हे परदेशी खूळ आहे का, ही शंका बाबांनी फोनवर काढली. गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं १९२० साली, आणि आपल्या ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करायला तिथे गेल्या. मुलाच्या हाताला काम द्या, हे गुजराती आणि मराठी घरांना तेव्हापासून सांगितलं जातंय.

काही आठवड्यांनी चार नीट यायला लागले. मग पाच, सहा, सात न शिकवताच. आठच्या पुढे अजून एखादा मोदक सुटतो. मधेच आई पुन्हा धास्तावून आली: तेच पाच मोदक लांब-लांब मांडले की "आता जास्त" म्हणतो. हे मानसशास्त्रज्ञ पियाजेंनी फार पूर्वी दाखवलं आहे, आणि सहा-सात वर्षांपर्यंत ते चालायचंच. त्याची परीक्षा घेत बसू नका, एवढंच सांगितलं.

आता प्रश्न उरला शाळेचा. ज्युनिअर केजीत एक ते पन्नास लिहून आणायला सांगतात, आणि ६ नि ९ उलटसुलट होतात. या वयात ते होतंच. आईला मी शिक्षिकेशी बोलायला पाठवलं. त्यांनी सध्या दहापर्यंतचं मान्य केलं आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही दोन-तीन मागितल्यावर मूठभरच आलं असतं, किंवा एरवीच्या साध्या सूचनाही त्याला कळत नसत्या, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यायला सांगितलं असतं. इथे त्याची गरज पडली नाही. पुढची भेट उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ठरली आहे.