जुन्या येझदीसाठी मुदत ठेव मोडावी का?

कोल्हापूरहून एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. ते ४४ वर्षांचे असून एका सहकारी बँकेत नोकरी करतात. वडिलांच्या पश्चात घराच्या मागील शेडमध्ये उभी असलेली १९७५ सालची येझदी मोटरसायकल स्वतःच्या हातांनी पूर्ण उघडून पुन्हा बांधावी, आणि हे करताना मागची चेसिस कापून, जाड टायर व एकाच माणसाची बैठक लावून तिला 'बॉबर' पद्धतीचे रूप द्यावे, असा त्यांचा विचार आहे. खर्चाचा अंदाज १,८५,००० रुपये आहे. त्यात इंजिन व विजेचे काम ४२,०००, क्रोम व रंग २८,०००, रूपबदल ७५,००० आणि घरी काम करण्यासाठी लागणारी हत्यारे ४०,००० असे भाग आहेत. ही रक्कम २,४०,००० रुपयांची मुदत ठेव मोडून उभी करावी की १३ टक्के दराने तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घ्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे. तयार गाडीची किंमत तीन लाखांपर्यंत जाईल, त्यामुळे ही एक प्रकारची गुंतवणूकच ठरेल, असेही त्यांनी लिहिले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन विधाने जवळजवळ आली आहेत. गाडीची किंमत वाढेल हे एक, आणि वडिलांची आठवण म्हणून ती कधीही विकणार नाही हे दुसरे. ही दोन्ही विधाने एकाच हिशेबात बसत नाहीत. जी वस्तू विकायचीच नाही, तिचा बाजारभाव वाढल्याने आपल्या घरात एक रुपयाही येत नाही. म्हणून या खर्चाला आपण खर्चच म्हणावे. खर्च म्हटल्याने तो गैर ठरत नाही. फक्त तो कोणत्या पैशातून करायचा याचा नियम बदलतो, आणि गुंतवणुकीच्या नावाखाली कर्ज काढण्याची सबब उरत नाही.

तरीही वादासाठी आपण ती विकली असे धरू. आज आहे त्या स्थितीत एक गृहस्थ तिचे ४५,००० रुपये द्यायला तयार आहेत, असे आपण लिहिले आहे. ते सोडून दिलेले ४५,०००, कामाचे १,८५,००० आणि कर्जावरील व्याजाचे सुमारे ३९,४०० रुपये मिळून २,६९,४०० रुपये होतात, आणि यात आपल्या शेकडो तासांच्या मेहनतीचे मोल धरलेले नाही. तीन लाख मिळाले तरी तीन वर्षांच्या शेवटी हाती तीस हजार उरतात. शिवाय तीन लाख हा जाहिरातीत मागितलेला भाव आहे. प्रत्यक्ष व्यवहार कितीला झाला हे जाहिरातीत छापलेले नसते. वैयक्तिक वापराच्या वाहनाच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरे असले तरी तोटा झाल्यास तोही कशातून वजा करता येत नाही.

आता कर्जाकडे वळू. १,८५,००० रुपयांचा तीन वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ६,२३० रुपये येतो. आपले हातात येणारे वेतन ६२,०००, घरखर्च ३८,०००, गृहकर्जाचा हप्ता ११,५०० आणि म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक ६,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला शिल्लक ६,५०० रुपये राहते. ती जवळजवळ पूर्णपणे हप्त्यात जाईल. पण हप्ता झेपतो की नाही हा माझा मुख्य आक्षेप नाही. घरी चालणारे असे काम एका दमात होत नाही. एक रविवार टाकी उतरवण्यात जातो, पुढचे तीन रविवार इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर) लेथवाल्याकडून परत येण्याची वाट पाहण्यात जातात, मग एखादा भाग मिळत नाही म्हणून महिनाभर सारे ठप्प होते. कर्जाची रक्कम मात्र पहिल्याच दिवशी एकरकमी खात्यात येते आणि व्याजही त्याच दिवसापासून सुरू होते. ज्या कामाला पैसा तुकड्यातुकड्यांनी लागतो, त्यासाठी एकरकमी कर्ज घेणे म्हणजे न वापरलेल्या पैशावर व्याज भरणे होय. खात्यात पैसा पडून असला की इंजिन उघडण्याआधीच बैठक आणि हँडल यांची ऑर्डर दिली जाते, हा मानवी स्वभावही लक्षात घ्यावा. बँकेत असल्यामुळे हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल!

मुदत ठेवीचा पर्याय मला याहूनही कमी पसंत आहे. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ४९,५०० रुपये लागतात. सहा महिन्यांची तरतूद करायची तर २,९७,००० रुपये हवेत. आपली ठेव त्यापेक्षा आधीच ५७,००० रुपयांनी कमी आहे. मुलगी नववीत आहे, म्हणजे तीन-चार वर्षांत शिक्षणाचा मोठा खर्च समोर उभा राहील. अशा वेळी संकटकाळासाठी ठेवलेल्या पैशाची येझदी करू नये.

आता आपल्या अंदाजपत्रकात जे नाही त्याविषयी. कागदपत्रांसाठी त्यात एक रुपयाही धरलेला नाही. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे आणि नोंदणीची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली आहे. वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ भरावा लागेल, त्यासोबत मातोश्री आणि भगिनी यांचे संमतिपत्र लागेल, आणि हस्तांतरणास झालेल्या उशिराचा भुर्दंडही बसू शकेल. नूतनीकरणासाठी नमुना २५ आहे. दुचाकीच्या नूतनीकरणास उशीर झाल्यास दरमहा ३०० रुपये जादा शुल्क आहे, म्हणजे सहा वर्षांचे २१,६०० रुपये होतात. वीस वर्षांहून जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क २,००० रुपये आहे. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नोंदणी पाटीचे (नंबर प्लेटचे) जीएसटीसह ५३१ रुपये आणि तृतीय पक्ष विम्याचा सुमारे दीड हजारांचा हप्ता आहे. हे सारे मिळून २८,००० रुपयांच्या आसपास जाते. नेमका आकडा मात्र आरटीओत जाऊन लेखी काढून घ्यावा. इतक्या जुन्या नोंदणीची माहिती संगणकीय प्रणालीवर चढलेलीच नाही, असेही आढळू शकते. तसे असल्यास जुनी नोंद चढवून घेण्याची वेगळी प्रक्रिया आधी पूर्ण करावी लागते.

या विलंब शुल्कामुळे कामाचा क्रमही ठरतो. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणजे ती चालती हवी, ब्रेक आणि दिवे चालू हवेत, चेसिस व इंजिनचे क्रमांक वाचता यायला हवेत. तपासणी अधिकाऱ्यास क्रोमच्या चकाकीशी देणेघेणे नसते. म्हणून इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि टायर ही कामे प्रथम करून गाडी तपासणीतून बाहेर काढावी आणि क्रोम व रंग नंतर करावेत. रंगासाठी सहा महिने थांबून मग तपासणीला गेल्यास १,८०० रुपये फुकट जातील. मूळ रंग बदलणार असाल तर त्याची नोंदही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) करून घ्यावी लागते.

रूपबदलाच्या ७५,००० रुपयांना माझा स्पष्ट नकार आहे. मला बॉबर आवडत नाही म्हणून नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चेसिसचा मागचा भाग कापणे हा तर असा बदल आहे की तो तपासणीत लपणार नाही आणि विमा कंपनीलाही अमान्य होईल. अपघात झाल्यावर, न कळवलेल्या बदलाच्या कारणाने दावा नाकारला गेला, तर ७५,००० रुपयांचा खर्च किती पटींनी वाढेल याचा अंदाज करता येत नाही.

याखेरीज आणखी एक दार कायमचे बंद होईल. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'विंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे. आपली गाडी वयाने त्यात बसते. आज मी ही नोंदणी सुचवत नाही, कारण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही आणि आपल्याला तर रविवारी पन्हाळ्याला जायचे आहे. पण दहा वर्षांनी मन बदलले तर हा मार्ग खुला असावा, आणि चेसिस किंवा इंजिन मूळचे राहिले नाही तर तो खुला राहणार नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. मूळ टाकी, चेनचे पूर्ण झाकण, मडगार्ड हे भाग आता नव्याने त्या कारखान्यातून येणार नाहीत. बाजारात मिळतात ते बहुतेक नंतर इतरांनी बनवलेले असतात. म्हणून उलटवता येणारे बदल आणि न उलटवता येणारे बदल असा भेद करावा. बैठकीचे कव्हर, आरसे, हँडलच्या मुठी यांवर खुशाल खर्च करावा. ६ व्होल्टची यंत्रणा १२ व्होल्टवर न्यायची असेल तर तेही करावे, मात्र मूळ डायनॅमो गुंडाळून फळीवर ठेवावा. कापायचे मात्र काहीही नाही.

हत्यारांच्या ४०,००० रुपयांत हायड्रॉलिक प्रेस, वेल्डिंग मशीन आणि कॉम्प्रेसर दिसतात. या इंजिनचा क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलायचा तर तो प्रेसवर उघडून, पुन्हा दाबून, डायल लावून सरळ करावा लागतो, आणि हे आयुष्यात एकदा करायचे काम शिकण्यासाठी प्रेस विकत घेण्यात अर्थ नाही. आपण कोल्हापुरात राहता. शिवाजी उद्यमनगरात हे काम रोज करणारे कारागीर आहेत आणि ब्लॉक बोअर करायलाही (आतून कातून मोठा करायलाही) शेवटी त्यांच्याकडेच जावे लागणार आहे. चांगले पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, पुलर आणि क्लच उघडण्याचे खास हत्यार एवढे घ्यावे. १२,००० रुपयांत हे बसावे. पुढे इतरांच्याही गाड्या करता येतील म्हणून मोठी हत्यारे घ्यावीत, असे आपण सुचवले आहे. तो वेगळा व्यवसाय होईल, त्याचे उत्पन्न व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागेल आणि बँकेची पूर्वपरवानगीही बहुधा लागेल. पहिली गाडी सुरू होण्याआधी तो विषय काढू नये.

इंजिनचा ४२,००० रुपयांचा अंदाज मात्र मला कमी वाटतो. कारागिराने तो इंजिन उघडण्यापूर्वी दिलेला आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची सील सुकली की बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि नवा पिस्टनही चिकटू शकतो, म्हणून सील आणि बेअरिंग यांत काटकसर करता येत नाही. ब्लॉक पूर्वी किती वेळा बोअर झाला आहे हेही आज कोणाला माहीत नाही. शेवटच्या मापापर्यंत गेलेला निघाला तर स्लीव्ह (आतली नवी नळी) घालावी लागेल. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी भाग आणि टाकीचा आतला गंज यांकडेही लक्ष द्यावे लागेल. यासाठी १०,००० रुपये वेगळे धरावेत.

म्हणजे पहिल्या टप्प्यात इंजिन ४२,०००, राखीव १०,०००, हत्यारे १२,००० आणि कागदपत्रे २८,००० असे ९२,००० रुपये लागतील. महिन्याच्या ६,५०० रुपयांच्या शिलकीतील ४,५०० रुपये एका स्वतंत्र बचत खात्यात गाडीसाठी आणि २,००० रुपये मुदत ठेवीची तूट भरण्यासाठी टाकावेत. दीड वर्षात गाडीच्या खात्यात ८१,००० जमतात. दिवाळीच्या २५,००० रुपयांच्या बोनसमधून ११,००० इकडे आणि १४,००० ठेवीकडे वळवल्यास पहिला टप्पा पुरा होतो आणि ठेवीची तूटही ५७,००० वरून ७,००० वर येते. म्युच्युअल फंडातील ६,००० रुपयांना हात लावू नये. क्रोम व रंगाचे २८,००० रुपये त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत त्याच ओघातून निघतील.

दीड वर्ष थांबायचे असे मात्र नाही. पहिल्या तीन महिन्यांच्या १३,५०० रुपयांत हत्यारे येतात. तेवढ्यात गाडी उतरवून प्रत्येक भागाचा फोटो काढावा, नट-बोल्ट पिशव्यांत चिठ्ठ्या लावून ठेवावेत आणि कारागिराला इंजिन उघडून नवा लेखी अंदाज मागावा. तो ६०,००० रुपयांच्या वर गेला तर काम तेथेच थांबवून मला पुन्हा लिहावे. अशा वेळी पूर्ण बांधणीऐवजी गाडी केवळ स्वच्छ करून, नोंदणी पुढे न चालवता घरी जपून ठेवण्याचा पर्यायही विचारात घेण्यासारखा असेल.

एक गोष्ट पत्रात दिसली नाही. आपल्यावर गृहकर्ज आहे आणि मुलगी शाळेत आहे, पण मुदत विम्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर गाडीच्या खात्यात पहिले ४,५०० रुपये टाकण्याआधी त्याचा हप्ता भरावा. आरटीओकडे जाताना वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुने आरसी पुस्तक आणि मातोश्री व भगिनी यांचे संमतिपत्र यांच्या छायाप्रती सोबत असू द्याव्यात. संमतिपत्र मात्र आजच मागून घ्यावे, कारण गाडी तयार झाल्यावर तिच्यावरचा हक्क हा घरात अधिक नाजूक विषय होतो.