तणाचं द्रवखत : वाचकांचे प्रश्न

निंदणीचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे उपटलेल्या तणाविषयी प्रश्न येऊ लागतात. या अंकात फक्त तण पाण्यात कुजवून केलेल्या द्रवखताचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : परसबागेत पावसाळ्यात टाकळा, केना आणि काटेमाठ माजतो. ५० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आहे. तण किती, पाणी किती, दिवस किती? (एक वाचक, सासवड)

उत्तर : तुमच्या ड्रमसाठी ४० लिटर पाणी आणि ८ किलो ताजं तण घ्या. वजनाने पाचास एक. यापेक्षा तण कमी घातलं तर अर्क नुसताच रंगीत होतो. जास्त कोंबलं तर पाणी आत खेळत नाही, मधला गठ्ठा तसाच हिरवा राहतो आणि वास मात्र दुप्पट सुटतो. ड्रम काठोकाठ भरू नका, फेसासाठी वर थोडी जागा लागते.

तण फुलावर येण्याआधीचं, कोवळं हवं. टाकळ्याला शेंगा धरल्या, माठाला तुरे आले की दोन गोष्टी बिघडतात : खोड निबर होऊन कुजायला वेळ लागतो आणि बी अर्कात उतरतं. उपटल्यावर मुळांची माती झटका, मुळं कापून बाजूला टाका, बाकीचे कोयत्याने दोन-तीन इंचांचे तुकडे करा. टाकळा शेंगावर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या गाठी नसतात, म्हणून मुळं टाकून काही गमावत नाही. केना, घोळ, एकदांडी, कुंजर असं मिसळलेलं तण उत्तम.

तुकडे कांद्याच्या जाळीदार गोणीत भरा, सोबत एक वीट टाका आणि तोंड बांधून गोणी पाण्यात सोडा. विटेच्या वजनाने गोणी बुडून राहते. तण वर तरंगलं की वरच्या थरावर बुरशी आणि माश्या येतात. नळाचं पाणी असेल तर एक रात्र उघडं ठेवून मगच वापरा, म्हणजे क्लोरीन उडून जातो. ड्रम सावलीत ठेवा. झाकण सैल हवं, कारण आत वायू तयार होतो. घट्ट बूच लावलेला कॅन फुगतो आणि कधी कधी फुटतोही. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा तांब्या-पितळेचं भांडं नको. कुजताना सुरुवातीला पाणी आंबट होतं, त्यात जस्त आणि तांबं उतरतं आणि ते रोपांना जास्त होतं.

रोज एकदा काठीने गोणी दाबून वरखाली करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेस येतो. फेस बसला, पाणी चहाच्या काढ्यासारखं गडद झालं आणि गोणीत हात घातल्यावर पाला विरघळून नुसते धागे लागले, की अर्क तयार. उन्हाळ्यात १० ते १२ दिवस, पावसाळ्यात साधारण १५, थंडीत तीन-चार आठवडे. तारखेपेक्षा गोणीतले धागे बघा.

जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडातून गाळा. वाढलेल्या टोमॅटो, वांगी, भेंडीला एक भाग अर्क आणि पाच भाग पाणी. रोपवाटिकेला आणि नुकत्याच लावलेल्या रोपांना एकास दहा. आधी साधं पाणी देऊन माती ओली करा, मग झाडामागे अर्धा ते एक लिटर मिश्रण मुळाशी घाला. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. कोरड्या मातीत दाट अर्क ओतला की पानांच्या कडा करपतात. तो अर्कातल्या अमोनियाचा आणि क्षारांचा चटका असतो, रोग नव्हे.

प्रश्न : हे दिल्यावर युरिया बंद केला तर चालेल का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : ढोबळ हिशेब मांडू. ८ किलो ताज्या तणात पाणीच जास्त, सुकं वजन सव्वा किलोच्या आसपास. त्यात अडीच टक्के नत्र धरलं तर ३० ग्रॅम. दोन आठवड्यांत त्यातलं निम्मं पाण्यात उतरलं तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण ३३ ग्रॅम युरियाइतकं. अख्ख्या ड्रमभर अर्कात एवढंच नत्र! एकरभर ऊस किंवा मका यावर पोसायला निघालात तर पदरी निराशा येईल.

पालाशाचं (पोटॅशचं) गणित मात्र चांगलं आहे. पालाश वनस्पतीत कुठल्याही सेंद्रिय पदार्थात बांधलेलं नसतं, रसात मोकळंच असतं, म्हणून पेशी फुटल्या की जवळजवळ सगळं पाण्यात येतं. तणाच्या सुक्या वजनात ते बहुधा नत्राइतकं किंवा त्याहून जास्त असतं. म्हणून फुलाफळांवर आलेल्या परसबागेतल्या झाडांना हा अर्क मानवतो. स्फुरद (फॉस्फरस) फार कमी मिळतं, त्यासाठी कंपोस्ट किंवा शेणखतच हवं. टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडत असेल तर या अर्काने तो जाणार नाही. ते फळाला कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण आहे आणि त्यामागे बहुतेकदा पाण्याची अनियमित पाळी असते.

प्रश्न : शेताच्या बांधावरचं तण आणून अर्क केला. टोमॅटोला दिल्यावर शेंड्याची पानं अरुंद, दोरीसारखी पिळवटलेली येऊ लागली. विषाणू आला का? (एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : विषाणू असू शकतो, पण अर्क दिल्यानंतर आठवडाभरात सगळ्याच झाडांवर एकदम असं दिसलं असेल तर पहिला संशय तणनाशकाचा घ्या. विषाणू एका-दोन झाडांपासून सुरू होऊन पसरत जातो, तणनाशकाचा परिणाम जिथे जिथे अर्क पडला तिथे एकसारखा दिसतो. उसात आणि बांधावर रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी सर्रास फवारतात. फवारलेलं तण दोन-चार दिवस वरून ठीकच दिसतं आणि नेमकं तेच कोणीतरी उपटून ड्रममध्ये टाकतं. टोमॅटो, कापूस, मिरची, वांगी, द्राक्ष ही पिकं २,४-डीला इतकी नाजूक आहेत की अगदी थोडा अंशही पुरतो.

आता अर्क देणं थांबवा आणि भरपूर साधं पाणी द्या. नवी पानं हळूहळू सरळ येऊ लागली तर झाड सावरेल, वाकडी झालेली पानं मात्र तशीच राहतील. उरलेला अर्क भाजीपाल्यावर किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका.

पुढच्या वेळी अर्क वापरण्याआधी चाचणी घ्या. दोन कुंड्यांत एकच माती भरून घेवड्याचे किंवा चवळीचे चार-चार दाणे लावा. एका कुंडीला साधं पाणी, दुसरीला एकास पाच अर्क. तीन पानं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, दोन्हींची तुलना करा. अर्काच्या कुंडीतली पानं कपासारखी वळली किंवा देठ पिळवटले तर तो अर्क बाद. रस्त्याकडेचं, रेल्वेमार्गालगतचं आणि दुसऱ्याच्या बांधावरचं तण घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत. आपल्या वाफ्यातलं तण काय खाऊन वाढलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

प्रश्न : गॅलरीत बादलीत करून पाहिलं. शेजाऱ्यांनी वासावरून तक्रार केली. वास मारायला गूळ घालू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गॅलरीत वास पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाण्यात हवा संपली की हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वायू सोडतात. दिवसातून एकदाऐवजी तीनदा खालपासून ढवळा, तण वजनाने पाचास एकऐवजी आठास एक घ्या आणि १० दिवसांत गाळून टाका. अर्क थोडा फिका होईल, तो एकास तीन वापरा. मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप असेल तर त्याची नळी बादलीच्या तळाशी सोडा, फरक लगेच जाणवेल.

१५ लिटरच्या बादलीत ३० ग्रॅमपर्यंत गूळ चालतो, त्याने कुजणं लवकर सुरू होतं. त्याहून जास्त घातला तर ताडीसारखा आंबट वास येतो आणि चिलटं जमतात.

राख किंवा चुना मात्र घालू नका, हे पुष्कळ जण करतात. त्याने पाणी अल्कधर्मी होतं, अमोनिया वायू होऊन उडतो आणि तुमच्याकडे असलेलं थोडंसं नत्रही हवेत जातं. राख घालायची तर वेगळी, थेट मातीत.

प्रश्न : डासांचं काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ड्रमच्या तोंडावर मलमलचं कापड ताणून इलास्टिकने बांधा, वर सैल झाकण. डास आणि माशी दोन्ही अडतात. अळ्या झाल्याच असतील तर अर्क कापडातून गाळा आणि अळ्या कोरड्या मातीवर टाका, गटारात नको.

प्रश्न : गाजर गवत भरपूर आहे. वापरता येईल? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदलेलं हे तण आज राज्यभर आहे, तेव्हा वापरावंसं वाटणं साहजिक. फुलं येण्याआधीचं, गुडघाभर उंचीच्या आतलं असेल तरच घ्या. पांढरी फुलं दिसली की नको : एकेका झाडाला हजारो बिया येतात आणि पाण्यात १५ दिवस ठेवल्याने त्या सगळ्या मरतील याची हमी नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवंच. या गवताने त्वचेला खाज-पुरळ उठते, दमा असलेल्यांनी तर हातही लावू नये. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य दुसऱ्या वनस्पतींचं उगवणं रोखतं, म्हणून अर्क तीन आठवडे पूर्ण कुजवा आणि बियांच्या वाफ्यावर अजिबात देऊ नका. वाढलेल्या फळझाडांना चालेल. दुसरं तण मिळत असेल तर आम्ही याच्या वाटेला जाणार नाही.

प्रश्न : नदीतली जलपर्णी? पालाश जास्त असतं म्हणतात. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : असतं, पण जलपर्णी पाण्यातलं शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातूही शोषून साठवते. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळणाऱ्या नदीतली घेऊन ती भाजीला घालणं म्हणजे आजार विकत घेणं. फुलझाडांना द्या. स्वच्छ शेततळ्यातली असेल तर मुळं कापून खुशाल वापरा.

प्रश्न : गाळलेला चोथा वाफ्यात पसरला. पंधरवड्यात तिथे लव्हाळा उगवला. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या कांड्या बुडवून ठेवल्या तरी चिवटपणे जिवंत राहू शकतात. या दोन तणांची फक्त वरची पाती ड्रममध्ये टाका. जमिनीखालचा भाग आधी कडक उन्हात फरशीवर पसरून पार खडखडीत वाळवा. लव्हाळ्याच्या गाठीला सुकणं सोसत नाही. कोकणात पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा गाठी पत्र्याच्या डब्यात साठवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात काढा. चोथा थेट वाफ्यात न घालता कंपोस्टच्या ढिगाच्या मधोमध, जिथे हात ठेववत नाही इतकी उष्णता असते तिथे पुरा.

प्रश्न : जीवामृतात हा अर्क मिसळू का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : नको. जीवामृत म्हणजे २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती. ते जिवाणू वाढवण्यासाठी असतं आणि हवेशीर राहिलं तर चांगलं. तणाचा हवेवाचून कुजलेला अर्क त्यात ओतला की ते बिघडतं. दोन्ही वापरायची तर आठ दिवसांचं अंतर ठेवा. दशपर्णीशीही याची गल्लत नको, दहा वनस्पतींच्या पाल्याचा तो अर्क कीड आवरण्यासाठी असतो. या ड्रममध्ये रुई, धोतरा, कण्हेर घालू नका.

प्रश्न : पालकावर फवारणी करावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळ्याचा पाला, सॅलडच्या पानांवर नको. पालकालाही मुळाशीच द्या आणि काढणीच्या दोन आठवडे आधी थांबवा. वेलवर्गीय भाज्यांवर फवारायचं तर एकास वीस, तिहेरी कापडातून गाळून, संध्याकाळी. पंपाचा नोझल तरीही चोंदतो, म्हणून फवारणी संपल्याबरोबर साधं पाणी मारून पंप धुऊन ठेवा.