वय 38, गर्भपिशवीत 4 सेंमीची गाठ, डॉक्टर पिशवी काढायला सांगतात. काढावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळी आठ-नऊ दिवस चालते, रक्ताच्या गुठळ्या पडतात, सोनोग्राफीत 4 सेंमीची गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं झाली, आता पिशवी ठेवून करायचंय काय? काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल." पुढच्या आठवड्याची तारीखही दिली आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी 39 व्या वर्षी ऐकलंय. म्हणून कळकळीने सांगते, ती तारीख आधी पुढे ढकला. रक्त नेमकं कशामुळे जातंय ते शोधा, मग पिशवीचं ठरवा.

तेव्हा माझी अवस्था अशी होती की तास संपला तरी मुलं वर्गाबाहेर जाईपर्यंत मी खुर्चीवरून उठत नसे. साडीला डाग पडला असेल ही धास्ती. हिमोग्लोबिन 7.4 वर आलं होतं आणि शाळेचा एक जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. अशा वेळी कुणी "एकदाचं काढून टाका, सुटाल" म्हटलं की ते पटतं. मीही घरी येऊन बॅग भरायला घेतली होती.

अडवलं ते माझ्या मोठ्या वहिनींनी. आम्ही बीड जिल्ह्यातले. वहिनी लग्नानंतर बारा वर्षं ऊसतोडीला गेल्या. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, एवढ्यावर 29 व्या वर्षी त्यांची पिशवी काढली. कामाचा एक दिवस बुडला तरी खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, त्यामुळे पाळीच नको असं त्यांनाही वाटलं होतं. तिशी उलटायच्या आत अंगाची आग होणं, रात्र रात्र झोप न लागणं, गुडघे धरणं सुरू झालं. बऱ्याच वर्षांनी कळलं की पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनी एकट्या नाहीत. 2019 मध्ये आमच्या जिल्ह्यात सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड कामगार बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक.

वहिनींच्या आग्रहाने मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेले. सकाळी आठपासून रांगेत होते, नंबर साडेअकराला लागला. तिथल्या मॅडमनी आधी प्रश्नच विचारले. दिवसाला किती पॅड लागतात, रात्री बदलायला उठावं लागतं का, गुठळ्या रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या असतात का, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जातं का, घरात कुणाला कॅन्सर होता का. पहिल्या दवाखान्यात यातलं एकही विचारलं नव्हतं, तिथे फक्त सोनोग्राफीचा कागद पाहिला होता. मग त्यांनी आतून तपासलं, थायरॉईड आणि रक्त तपासायला दिलं, पिशवीच्या तोंडाची पॅप टेस्ट केली आणि पिशवीच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडाही तपासायला पाठवला.

मग केसपेपरच्या मागे त्यांनी उलटा पेरू काढला. "ही तुमची पिशवी," म्हणाल्या आणि पेनाने तीन ठिपके दिले. एक सालीच्या बाहेर लोंबणारा, एक गरात, एक आतल्या पोकळीत. गाठ बाहेरच्या बाजूला असेल तर ती मोठी असूनही पाळीवर सहसा परिणाम करत नाही. आतल्या पोकळीतली मात्र दोन सेंमीची असली तरी रक्ताचा पाट वाहवते, आणि तिच्यासाठी पोट फाडावं लागत नाही, खालूनच दुर्बीण घालून ती बऱ्याचदा काढता येते. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये गाठीच्या पुढे सबसिरस, इंट्राम्युरल किंवा सबम्युकस यापैकी एक शब्द असेल, याच क्रमाने बाहेरची, भिंतीतली आणि आतली. 4 सेंमी या आकड्यापेक्षा तो शब्द जास्त महत्त्वाचा आहे.

कॅन्सरची भीती सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर थोडं सविस्तर लिहिते. या गाठींना फायब्रॉईड म्हणतात आणि त्या जवळपास नेहमीच साध्या असतात. त्यांचा कॅन्सर होणं फार क्वचित घडतं. पाळी कायमची गेली की त्या बहुतेक वेळा आपोआप आक्रसतात. अस्तराचा कॅन्सर वेगळा, त्याची शंका असेल तर तो तुकडा तपासून कळतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणखी वेगळा, तो बहुतेक करून एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि त्यासाठी पॅप किंवा एचपीव्हीची तपासणी असते. यातलं काहीच न तपासता "पुढे कॅन्सर होईल" म्हणून धडधाकट पिशवी काढणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

माझी गाठ भिंतीतली, 3 सेंमीची होती. अस्तराचा रिपोर्ट साधा आला. आधी रक्त कमी जाण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या, त्या फक्त जास्त रक्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायच्या. (पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल तर या गोळ्या चालत नाहीत, ते आधी सांगा.) लोह सलाईनमधून दिलं, कारण गोळ्यांनी माझं पोट बिघडायचं. मग मॅडम तांबी बसवू म्हणाल्या आणि मी घाबरले. तांबीने रक्त वाढतं हे मला माझ्या बहिणीमुळे ठाऊक होतं. पण ही साधी कॉपर-टी नव्हती, हार्मोनची होती, मिरेना म्हणतात ती. ती पिशवीच्या अस्तरालाच पातळ ठेवते, त्यामुळे रक्त कमी होतं. पहिले चार महिने थेंब थेंब डाग पडत राहिले आणि मी दोनदा ती काढून घ्यायला निघाले होते. पाचव्या महिन्यापासून पाळी दोन दिवसांवर आली. वर्षाच्या आत हिमोग्लोबिन 11.8 झालं. आज मी 46 वर्षांची आहे आणि पिशवी जागेवर आहे. प्रत्येकीला ही तांबी लागू पडतेच असं नाही. आतल्या पोकळीत मोठी गाठ असेल तर ती नीट बसत नाही, निसटू शकते. पण तुम्हाला चालेल का हे विचारून तर घ्या. शिवाय फक्त गाठ काढून पिशवी ठेवता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय मोठ्या शहरांत होतो, हार्मोनच्या गोळ्या आहेत.

पिशवी काढावीच लागते अशाही वेळा असतात. कॅन्सर निघाला, औषधं आणि तांबी करूनही रक्त थांबेना, गाठ एवढी वाढली की लघवी तुंबतेय, अंग फार बाहेर येतंय, तर ऑपरेशन हाच चांगला उपाय ठरू शकतो. माझ्या एका मैत्रिणीने सगळं करून पाहून 44 व्या वर्षी पिशवी काढली आणि ती खरंच सुखी आहे. पण तिने अंडाशयं ठेवायला सांगितली होती. चाळिशीच्या आत-बाहेर ती विनाकारण काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

म्हणून ऑपरेशन ठरलंच तर संमतीपत्र स्वतः वाचा, त्यात काय काढणार ते मराठीत लिहून मागा. सही तुमची लागते, नवऱ्याची किंवा आईची नाही. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्यांना फक्त तपासणीसाठी भूल दिली होती आणि आईच्या संमतीवर पिशवी-अंडाशयं काढली होती. ती संमती न्यायालयाने मानली नाही. ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट जपून ठेवा. वहिनींकडे यातलं काहीच नाही. आज कुठल्याही डॉक्टरांना काय काढलं होतं ते त्यांना सांगता येत नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन जवळच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जा. पाळीच्या तारखा आणि दिवसाला किती पॅड लागले ते वहीत लिहून न्या, रोजची हकिगत तोंडी सांगताना अर्धी राहून जाते. मात्र तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, छातीत धडधड होत असेल, तर ओपीडीची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.