फाइल कपाटात ठेवून हाडांच्या दवाखान्यात गेलो होतो (इस्लामपूरच्या ताईंसाठी)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंच्या लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं) केमो संपून चार महिने झाले, आता डाव्या पायात रात्रभर आग, चप्पल पायातून निसटते, आणि सगळे म्हणतात केमोचाच परिणाम, जाईल. आमच्या अण्णांचं असंच सुरू झालं होतं, फक्त उजवा पाय.

मी डॉक्टर नाही, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हिशेब लिहितो. पण व्हिनक्रिस्टिन या केमोतल्या औषधाच्या मुंग्या बहुतेक दोन्ही पायांत सारख्या येतात आणि औषध थांबल्यावर सावकाश उतरतात. एकाच पायात ठणकत वाढत जाणारं दुखणं वेगळं. लिम्फोमा नसांतही (मज्जातंतूंत) शिरतो, न्यूरोलिम्फोमॅटोसिस म्हणतात. दुर्मिळ आहे. आईंना तेच आहे असं मी म्हणत नाही. साखर, नागीण, मणका, काहीही निघेल.

आमची चूक ऐका. हाडांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा अण्णांच्या केमोची फाइल घरी कपाटात. माझी आई म्हणाली, ‘ते संपलंय, आता कशाला जगाला सांगायचं?’ मलाही पटलं. एमआरआयमध्ये मणक्याची चकती थोडी सरकलेली. जन्मभर पोती उचललेल्या माणसाची सरकलेली नसती तरच नवल! मग ट्रॅक्शन, पट्टा आणि स्टिरॉइडच्या गोळ्या. आठ दिवसांत अण्णा जिना चढले, आम्ही पेढे वाटले. स्टिरॉइडनं लिम्फोमाच तात्पुरता दबला होता. गोळ्या संपल्या आणि तीन आठवड्यांत पाऊल लुळं. त्या दवाखान्यानं नंतर फोनसुद्धा उचलला नाही. त्यांना शिव्या खूप दिल्या, पण फाइल नेली नव्हती ती मीच.

तेव्हा आधी केमो देणाऱ्या डॉक्टरांकडेच जा. कॉन्ट्रास्टचा एमआरआय, पेट स्कॅन (कॅन्सरची जागा उजळून दाखवतो तो), पाठीतल्या पाण्याची तपासणी, यातलं काय लागेल ते त्यांना ठरवू द्या. पेट सांगितलाच तर एक बघा: तो बहुधा मांडीच्या मध्यापर्यंतच काढतात. ‘तळपायापर्यंत’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या. आमचा पहिला पेट मांडीवरच थांबला, पुण्याची खेप पाण्यात. दुसऱ्यात गुडघ्यामागची नस उजळलेली दिसली. आणि हो, सीडी मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर मोठे डॉक्टर बोलत नाहीत.

अण्णांना जास्त डोसचं मेथोट्रेक्सेट दिलं, कारण बरीचशी नेहमीची औषधं नसांच्या आत नीट पोचत नाहीत. त्या दिवसांत मनानं पेनकिलर देऊ नका, मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडायला अडतं. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवीही नको. अण्णांच्या टाचेला फोड आला, तो आम्हाला सकाळी दिसला.

ठणका गेला. पाऊल अजून उचलत नाही, पट्टी बांधून यार्डात येतात आणि माझ्या बेरजा तपासतात.

आईंना केमोनंतर कुणी स्टिरॉइड सुरू केलंय का, तेवढं आधी कळवा. केलं असेल तर मनानं बंद करू नका, उद्याच फाइल घेऊन जा.