पिवळा बेडका आणि अँटिबायोटिक

प्रश्न : दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप रोज घेतो. तरी धाप वाढली की बेडका पिवळा पडतो. श्वासनलिकेतल्या जंतूंमुळे सूज वाढते म्हणतात, मग डॉक्टर दर वेळी अँटिबायोटिक का देत नाहीत?

उत्तर : बेडक्याला रंग येतो तो पांढऱ्या पेशींमुळे. त्यांतल्या न्यूट्रोफिल या प्रकारच्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम) मुळातच हिरवट असतं. इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने जमल्या तरी बेडका पिवळा दिसतो आणि त्यांना बोलवायला साधी ॲलर्जी पुरते. नुसत्या रंगावरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही.

जंतूंचा संबंध मात्र खरा आहे. फुप्फुसं निर्जंतुक नसतात. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत प्रीव्होटेला हे जंतू कमी आणि हिमोफिलस, मोराक्सेला हे जंतू जास्त आढळतात. हिमोफिलसच्या आवरणातला अंश अस्तराच्या पेशींनी ओळखला की त्या इंटरल्युकिन-८ हे बोलावणं धाडणारं रसायन सोडतात आणि न्यूट्रोफिल धावून येतात. पंप तोकडा पडतो तो इथे : स्टेरॉइडने इओसिनोफिल मरतात, न्यूट्रोफिल उलट जास्त टिकतात. जंतूंमुळे सूज, की चिकट कफात जंतूंचं फावतं? बहुधा दोन्ही.

अँटिबायोटिकचा उपयोग होतो, पण वेगळ्या रीतीने. पंप घेऊनही दमा आटोक्यात नसलेल्या 420 प्रौढांवरच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ॲझिथ्रोमायसिन 500 मिग्रॅ, आठवड्यातून तीनदा, 48 आठवडे दिलं. दम्याचे झटके कमी झाले, जुलाब मात्र वाढले. हे औषध सूजही थोडी उतरवतं, त्यामुळे सगळं श्रेय जंतुनाशाला देऊ नये. धाप लागली की तीन दिवसांचा कोर्स, हा तो उपचार नव्हे. शिवाय आधी ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते) आणि क्षयाच्या जातकुळीतल्या जंतूंसाठी बेडक्याची तपासणी लागते. ऐकू कमी येतं का, हेही विचारलं जातं.

तुम्ही आधी पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. बऱ्याचदा चूक तिथेच सापडते. रक्तातले इओसिनोफिल मोजून घ्या. ताप, थंडी, एकाच बाजूला छातीत दुखणं असेल तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी दाखवा. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं.

प्रश्न : पंपानंतर चूळ भरल्याने हे जंतू जातात का?

उत्तर : नाही. चूळ असते घशात राहिलेलं स्टेरॉइड धुण्यासाठी. ते राहिलं तर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. गुळण्या करून पाणी थुंकून टाका, गिळू नका.